रविवारची गोळी

मी पाण्याच्या कारखान्यात नोकरी करते. पाणी काय बनवायचं असतं, असं लोक हसत विचारतात आणि मी दर वेळी चिडते. पाणी कुणी बनवत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीतून येतं, गाळलं जातं, बाटलीत भरलं जातं आणि भरलेली प्रत्येक बाटली माझ्यासमोरून जाते. मागे पांढरा दिवा, पुढे मी. केसाएवढा कण दिसला तरी बाटली उचलून बाजूला ठेवायची. बावीस वर्षं हेच चाललंय. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

एवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी घोडचूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

घरात आम्ही चौघं. दादा बस चालवतो, वहिनी केस कापण्याच्या दुकानात कामाला आहे. मी दादाची धाकटी बहीण, लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहते. आणि चौथी त्यांची मुलगी, आठ वर्षांची. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. कुणी काही बोललं की ती दुरुस्त करते. ‘पाच वाजले’ म्हटलं तर म्हणते, ‘पाचला तीन कमी आहेत.’

मास्तरणीची हाडं ठिसूळ आहेत. जन्मापासूनच. दुसरं मूल पडतं आणि रडतं, ही पडते आणि हाड मोडतं. पडायलाही लागतं असं नाही. एकदा जोरात शिंकली आणि बरगडी गेली. तिची हाडं मोडण्याचे नंबर आहेत आणि ते तिला पाठ आहेत. सात नंबर म्हणजे डावी मांडी, अकरा नंबर म्हणजे ती शिंक. घरात ती वॉकरची चौकट धरून चालते, बाहेर चाकांच्या खुर्चीत. तिला उचलायचं तर काखेत हात घालायचे नाहीत, एक तळवा पाठीखाली आणि एक मांड्यांखाली सरकवायचा. हे आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी शिकावं लागतं, मग चहा मिळतो.

हाडं बळकट करायचं औषध तिला सलाइनमधून मिळायचं. दर तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात तीन दिवस. औषधाचं काही नाही हो, शीर सापडणं हीच मारामारी. तिच्या शिरा धाग्यासारख्या बारीक, सुई लावली की सरकणाऱ्या. शेवटच्या वेळी सात ठिकाणी टोचलं तेव्हा सापडली. मी तिचे पाय धरून बसले होते. घट्ट धरायचे नाहीत, कारण घट्ट धरले तर मोडतील. सैल धरले तर ती हलणार. सातव्या टोचणीला ती रडायची थांबली आणि नुसती छताकडे बघत राहिली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

म्हणून हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव काढलं तेव्हा वहिनीनं त्यांचा हातच धरला.

“आठवड्यातून एकच गोळी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण नियम कडक आहेत. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी. पूर्ण पेलाभर नळाच्या साध्या पाण्याबरोबर. चघळायची नाही, तोडायची नाही. मग अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली अडकून आतून भाजेल. त्या अर्ध्या तासात काही खायचं नाही, दूध तर नाहीच. सहा महिने बघू. लागू पडली तर सलाइन बंद.”

“आणि नाही पडली तर?” मास्तरणीनं विचारलं.

“तर परत सलाइन.”

रविवार ठरला. रविवारी दादा पहाटेच्या बसवर असतो आणि वहिनीला दुकानात लवकर जावं लागतं, कारण सगळ्या दुनियेला त्याच दिवशी केस कापायचे असतात. सुट्टी फक्त मला. म्हणून गोळीचं काम माझ्याकडे आलं. वहिनी कुणावर सहजासहजी विश्वास टाकणारी बाई नाही, तिनं दाराला नियमांचा कागद चिकटवला, शनिवारी संध्याकाळी नळाचं पाणी उकळून स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवलं आणि मला तीनदा बजावलं, “यातलंच द्यायचं.”

आता आमच्या नळाचं पाणी मी पाहिलेलं आहे. सकाळी पहिलं पाणी पिवळसर येतं आणि त्याला जलतरण तलावाचा वास मारतो. मी आयुष्य पाण्यात घालवलेली बाई. माझ्या कारखान्यात दर तासाला पाणी तपासतात, पांढरे डगले घातलेली माणसं. बाटलीवर छापलेलं असतं की लिटरमागे कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, आणि कॅल्शियम आमचं भरपूर. इतर कुणाच्या बाटलीत नसेल इतकं. कॅल्शियम म्हणजे हाडांचं सामान, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि या ठिसूळ हाडांच्या पोरीला मी नळाचं पाणी देऊ? माझ्या पलंगाखाली बाटल्यांचा खोका पडलेला असताना?

पहिल्याच रविवारी मी स्टीलचं भांडं खिडकीतल्या कुंड्यांत रिकामं केलं आणि माझ्या बाटलीचं सील फोडलं.

मास्तरीण टेबलाशी ताठ बसली होती. “आई म्हणाली त्या भांड्यातलं,” ती म्हणाली.

“हे त्याच्याहून भारी आहे,” मी म्हटलं. “यात हाडांचंच सामान आहे. वाच, बाटलीवर लिहिलंय.”

तिनं वाचलं. मग गोळी जिभेवर ठेवली आणि पूर्ण पेला संपवला. जगाला दुरुस्त करणारी पोरगी, माझं मात्र तिनं न दुरुस्त करता ऐकलं. त्याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

तो अर्धा तास आमचा होता. घड्याळ समोर ठेवून आम्ही बसायचो आणि मी तिला कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. एकदा एका बाटलीत कुणाच्या तरी शर्टाचं बटण निघालं आणि साहेबांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून बटणं मोजली, शेवटी कमी निघालं ते त्यांच्याच बाहीचं. ही गोष्ट तिनं मला निदान दहा वेळा सांगायला लावली. हसताना ती पोटाला हात धरायची, बरगडीसाठी.

पाचव्या महिन्यात चौदा नंबर झाला. टेबलाचा खण लावायला ती जरा वाकली आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. आम्ही म्हटलं, असू दे, गोळी अजून नवीन आहे.

सहा महिने झाल्यावर तपासणी झाली. लघवी तपासली, हाडांची घनता मोजणाऱ्या मशिनखाली तिला झोपवलं. निकालाच्या दिवशी, गुरुवारी, दादा तिला घेऊन हाताचा फोटो काढायला गेला आणि आत वहिनी व मी बसलो. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढले.

“काहीच फरक नाही,” त्या म्हणाल्या. “कमीजास्त होतं कधीकधी, पण हे म्हणजे गोळी पोटात गेलीच नाही असं दिसतंय. दूध दिलं होतं का बरोबर?”

“नाही,” वहिनी म्हणाली.

“अर्ध्या तासात काही खाल्लं? ज्यूस, चहा?”

“थेंब नाही.”

“पाणी कुठलं? बाटलीतलं मिनरल वॉटर नव्हतं ना? त्यात कॅल्शियम असतं. ते गोळीला पोटातच धरून ठेवतं, पुढे जाऊच देत नाही.”

“छे,” वहिनी म्हणाली. “नळाचं, उकळून गार केलेलं. मी स्वतः भरून ठेवते.”

माझी दातखीळ बसली. खरंच सांगते, तोंड उघडायला गेले आणि उघडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मुलांच्या आतड्यांना हे औषध मानवतच नाही, त्याला कुणाचा इलाज नाही. गोळी बंद करा. पुढच्या गुरुवारची सलाइनची तारीख त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली. वहिनीनं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

भीती कसली होती तेही सांगते. पोरीच्या सलाइनची असती तर मी तिथेच बोलले असते. मला माझी भीती वाटत होती. त्या घरात माझं असं काय आहे? मागची खोली, आणि रविवारचा अर्धा तास. हे कळलं तर वहिनी मला त्या पोरीच्या आसपास फिरकू देणार नाही. तिची काही चूकही नसेल.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. कामावर दिव्यासमोरून बाटल्या जात होत्या आणि प्रत्येकीवर तोच आकडा छापलेला, लिटरमागे कॅल्शियम इतकं. बावीस वर्षं वाचलेला आकडा मला वाचवेना. एका दुपारी चार बाटल्या कण असूनही सुटल्या. बाजूच्या बाईनं पकडल्या आणि म्हणाली, “तुला बरं नाही का?” मी म्हटलं, बरी आहे. रविवारी गोळी नव्हती, तरी आम्ही दोघी सवयीनं साडेसातला टेबलाशी येऊन बसलो. मास्तरणीनं घड्याळ समोर ठेवलं, मग परत फळीवर ठेवून आली.

सोमवारी कामावरून आले तर ती स्वयंपाकघरात पाणी पीत बसली होती. पुढे पेला, शेजारी कागद, कागदावर रेघा.

“काय चाललंय?”

“मागच्या वेळी नर्स म्हणाली होती, भरपूर पाणी प्यायलं की शिरा वर येतात. गुरुवारपर्यंत रोज दहा पेले. हा चौथा आहे.” तिनं डावी बाही वर केली. “उजव्या हाताला प्लॅस्टर आहे, म्हणजे डाव्यातच शोधणार. बघ, आली का वर?”

मी बघितलं. नव्हती आली.

“थोडी आलीय,” मी म्हटलं.

“नाही आली,” तिनं दुरुस्त केलं. “आत्या, तुझी बाटली दे ना. नळाच्यापेक्षा ते भारी आहे, त्यानं लवकर येतील.”

मी तिथून उठले. वहिनी आतल्या खोलीत दवाखान्याची बॅग भरत होती. टॉवेल, मऊ उशी, बाही कापून टिचबटणं लावलेले दोन शर्ट. सलाइनसाठी ते शर्ट तिनंच शिवलेले आहेत. गेल्या सहा महिन्यांत ते तिनं कपाटात अगदी खाली ठेवले होते.

“वहिनी, सलाइनला नेऊ नकोस,” मी म्हटलं. “गोळीचं काही चुकलं नाही. पाणी माझं होतं. तुझ्या भांड्यातलं मी कुंड्यांना घालत होते आणि तिला कारखान्याची बाटली देत होते.”

तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला. “किती वेळा?”

“दर रविवारी.”

“सव्वीस वेळा,” स्वयंपाकघरातून मास्तरीण म्हणाली.

वहिनी खाली बसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. “गुरुवारी तिथे तुझ्यासमोर विचारलं त्यांनी,” ती म्हणाली. “मिनरल वॉटर म्हणून नाव घेऊन विचारलं. मी तोंडावर छे म्हटलं. तू शेजारी होतीस.”

“हो.”

“चार दिवस झाले त्याला.”

“हो.”

“का केलंस?”

“मला वाटलं, त्यात कॅल्शियम आहे, हाडांना चांगलं. नळापेक्षा माझं पाणी बरं.”

“ते नाही विचारत. ते तू मूर्ख आहेस म्हणून केलंस. गप्प का बसलीस?”

मी खरं कारण सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. मग मी विचारू नये ते विचारलं. “तो चौदा नंबर, हाताचा, तो माझ्या पाण्यामुळे का गं?”

“ते मला विचारू नकोस,” ती म्हणाली आणि फोन उचलला.

मास्तरीण चौकट सरकवत दारात आली होती. “म्हणजे गोळी वाईट नाही?” तिनं मला विचारलं.

“नाही. गोळी चांगली आहे. मी चुकले.”

तिनं यावर विचार केला. चुका काढणं हा तिचा आवडता उद्योग, पण माझी इतकी मोठी चूक हाताशी असून ती काही बोलली नाही. जाऊन कागदावरच्या चार रेघा मात्र तिनं खोडल्या.

डॉक्टरीणबाईंनी सलाइन पुढे ढकललं. पुन्हा सहा महिने, पुन्हा पहिल्यापासून. हाताचं वहिनीनं त्यांना विचारलं असावं, कारण फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “सांगता येत नाही म्हणाल्या. आधीही मोडतच होते.” ते ‘सांगता येत नाही’ अजून माझ्याजवळ आहे. ते कुठे टाकता येत नाही. दादा रात्री जेवताना एवढंच म्हणाला, “निदान बोललीस,” आणि वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान ताटात घातली.

गोळीचं काम वहिनीनं स्वतःकडे घेतलं. रविवारी ती पोरीला साडेसहालाच उठवायची, गोळी द्यायची, ताठ बसवायची आणि तिथूनच दुकानात पळायची. मला स्वयंपाकघरात यायची बंदी होती. तसं ती बोलली नाही, पण भांडं उचलून ती माझ्याकडे बघायची आणि मी जिन्यावर जाऊन बसायचे. बाटल्यांचा खोका मी कामावर परत देऊन आले. घरात सगळ्यांसारखं नळाचं पाणी प्यायला लागले. वास मारतो, पण माणूस मरत नाही.

असे दोन महिने गेले. आतून आवाज यायचे. “आई, झोपू नकोस, बोल काहीतरी.” “काय बोलू?” “आत्या बटणाची गोष्ट सांगते.” “मला नाही येत बटणाची गोष्ट.” वहिनी आठवडाभर उभ्यानं काम करते, रविवारी पहाटे तिचा डोळा लागणारच. एकदा तिची डुलकी लागली आणि मास्तरीणही खुर्चीत कलंडायला आली. मी जिन्यावरून आत धावले, तळवा पाठीमागे घालून तिला सरळ केलं आणि परत बाहेर गेले. वहिनीनं ते अर्धवट डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या रविवारी माझ्या दारावर थाप पडली. “ऊठ,” वहिनी म्हणाली. “पाणी भर.”

मी गेले. कपाटातून पेला काढला, उकळलेल्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं, पेला काठोकाठ भरला. ती हाताची घडी घालून दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती. कारखान्यात मी बाटल्यांकडे बघते तसं. मला त्याचा राग आला नाही; इतकं बघणं माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं. तीन रविवार ती तशी उभी राहिली. चौथ्या रविवारी मी वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. ती आतल्या खोलीत केस विंचरत होती आणि दुकानाची पिशवी खांद्याला होती. मी तरीही पेला उजेडात धरून बघितला आणि मगच मास्तरणीपुढे ठेवला.

सहा महिन्यांनी आम्ही परत त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. या वेळी मास्तरीणही आत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटे-सुलटे केले आणि म्हणाल्या, “लघवीतला आकडा अर्ध्यावर आलाय. घनताही वर सरकलीय, थोडी, पण सरकलीय. गोळी लागू पडतेय. सलाइन नको.”

वहिनीनं डोळे मिटले आणि उघडले. मास्तरणीनं विचारलं, “नको म्हणजे पुढच्या महिन्यात नको की कधीच नको?”

“आत्ता तरी नको. दर सहा महिन्यांनी बघत राहू. हाडं मोडणारच नाहीत असं नाही, सांभाळायचं ते सांभाळायचंच.” मग त्यांनी पेन उचललं. “मागच्या वेळी घोटाळा झाला होता, म्हणून नोंद करून ठेवते. दूध?”

“नाही,” वहिनी म्हणाली.

“अर्धा तास ताठ बसते?”

“बसते.”

“पाणी कुठलं देता?”

मला वाटलं, वहिनी आठवतेय. मग कळलं की ती माझ्याकडे बघतेय.

“हिला विचारा,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “पाण्याचं काम हिच्याकडे आहे.”

गेल्या वेळी याच खुर्चीत मला तोंड उघडता आलं नव्हतं. आता बोलले. “नळाचं,” मी म्हटलं. “उकळून गार केलेलं, साधं. एक पेला.”

“पूर्ण पेला,” मास्तरणीनं दुरुस्त केलं.

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.